सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे

...आणि वर मलाच विचारतो, "ताई, गाडी साहेबांची का?" आता साहेब म्हणजे आमचे हे. यांना स्कूटर स्टँडवर चढवायला दोन माणसं लागतात, हे कुठली क्रूझर मोटारसायकल चालवतायत? गाडी माझी. माझ्या नावावर, माझ्या कमाईची, चांगली लांबलचक, आरामखुर्चीत बसल्यासारखं मागे रेलून चालवायची, सुरू केली की गल्लीतल्या खिडक्या वाजतात. मी म्हटलं, "गाडी माझी आहे." तर तो गाड्यांच्या सामानाचा दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी रणगाडा आणून दारात लावलाय. आणि मग समजूत घातल्यासारखा म्हणतो, "मग तर काही बघायलाच नको, हे घेऊन जा. हे सगळ्या गाड्यांना बसतं."

सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे.

तुम्हाला सांगते, माझं शिवणाचं दुकान आहे. सकाळपासून रात्रीपर्यंत गळ्यात टेप. एका माणसाचे दोन खांदे सारखे नसतात हो, आणि हा बाबा जगातल्या सगळ्या मोटारसायकली एका मापात बसवायला निघालाय! तेव्हाच मी परत फिरायला हवं होतं. पण गरज माझी होती ना...

झालं असं, की माझ्या कानाचं दुखणं निघालं. हेल्मेट आहे हो, पण खालून वारा शिरतोच. डॉक्टर म्हणाले, "वारा बंद करा, नाहीतर गाडी बंद करा." झालं, घरात आनंदीआनंद. हे म्हणाले, "विकून टाक." धाकटे दीर तर गाडी आली त्या दिवसापासून तिच्याभोवती घुटमळतायत, ते म्हणाले, "वहिनी, विकायचा विचार असेल तर बाहेर जाऊ नका हं." म्हणजे मला कान दुखतोय आणि यांना गाडी दिसतेय. मी म्हटलं, गाडी जाणार नाही. वारा जाईल. त्यासाठी ते फेअरिंग मिळतं, हेडलाइटभोवती बसवायचं कवच आणि त्यावर काच, म्हणजे वारा अंगावर न येता डोक्यावरून निघून जातो.

आणि गाडी मला नुसती मिरवायला नको होती. दर रविवारी सासूबाईंना मागे बसवून त्यांच्या बहिणीकडे नेते मी. त्यांचा एक हात माझ्या खांद्यावर आणि तोंड अखंड सुरू. त्या वाऱ्यात काय ऐकू येणार, कपाळ? मी आपली "हो आई, हो आई" करत गाडी हाकते. आमच्या दोघींचं इतकं छान जमतं, की शेजारणी मला येऊन विचारतात, कसं काय गं जमवतेस?

तर ते फेअरिंग. घरी आणलं, लावून बघितलं, तर त्याचं भोक बशीएवढं आणि माझा हेडलाइट ताटाएवढा. परत दुकानात. "अहो ताई, मग हे मोठं न्या, हे तर नक्की बसतं." ते बसलं, छान बसलं, फक्त हँडल वळेना. डावीकडे वळवलं की टाकीवर आपटतंय. दुकानदार काय म्हणाला असेल? "तुम्ही सारखं वळवता कशाला?" आता तुम्हीच सांगा, मी काय रुळावरून जाऊ?

मग कोपऱ्यावरचा गॅरेजवाला. त्याला सगळे मामा म्हणतात, का ते माहीत नाही, माझा तर चांगलाच मामा बनवला. दात कोरत कोरत म्हणतो, "बसत नाही म्हणजे काय? दाबलं की बसतं." आणि दाबलं. काचेला मधोमध तडा. "माल हलका आहे," म्हणाला. त्यानंतर आणखी एक आणलं, ते तिरकं बसलं. या क्रूझरचे पुढच्या चाकाचे दांडे कसे, पाय पसरून बसल्यासारखे पुढे गेलेले असतात, त्यावर ते साध्या गाडीचं कवच लावलं की काच आभाळाकडे बघत बसते. वारा त्या काचेवरून घसरून नेमका माझ्या दुखऱ्या कानात. आधी निदान दोन्ही कानांत सारखा जायचा! ऑनलाइन मागवलं, तिथे गाडीचं नाव, मॉडेल, साल, सगळं भरून घेतलं आणि हिरवी खूण करून सांगितलं, "आपल्या गाडीला बसेल." खोक्यातून काय निघालं, तर नुसते नट-बोल्ट आणि एक चिठ्ठी, की हे सगळ्या गाड्यांना बसतात. सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे!

शेवटी डोकं फिरलं माझं. टेप काढली, खाकी कागद घेतला, आणि गिऱ्हाइकाच्या कोटाचं माप घ्यावं तसं गाडीचं माप घेतलं. हेडलाइटचा घेर, दांड्यांची जाडी, त्यांचा उतार, हँडल पूर्ण वळवून टाकीपर्यंतचं अंतर. सगळं कापून कागदाचं फेअरिंग केलं आणि ते बगलेत मारून त्या दुकानदाराच्या गोदामात शिरले. तो मागून ओरडतोय, "ताई, माप कशाला, सगळ्या..." मी म्हटलं, "गप्प बसा." एकेक नग काढून कागद लावून बघितला, आणि पार तळाशी, धुळीत, माझ्या मापाचं निघालं. बसलं हो. अगदी अंगासरसं बसलं, कुठे चुणी नाही की ओढ नाही. मला तर भरून आलं.

रविवारी सासूबाईंना मागे घेतलं आणि निघाले. मोठ्या रस्त्याला लागले, वेग घेतला... आणि वारा नाही. कान शांत. काय सुख वाटलं म्हणून सांगू. आणि त्या शांततेत मागून आवाज आला, शब्दन् शब्द स्वच्छ.

"मग धाकट्याला गाडी कधी देतेस?"

मी म्हटलं, "काय?"

"अगं, असं काय करतेस? मागच्या रविवारी म्हटलं नाही का, कानाचं एवढं होतंय तर धाकट्याला देऊन टाक. तू म्हणालीस, हो आई. मी परत विचारलं, नक्की ना? तर म्हणालीस, हो आई. केवढं मोठं मन गं तुझं. मी तेव्हाच त्याला फोन केला, रडला बिचारा."

आता काय सांगू त्यांना? की आई, या गाडीवर तुमचं आजवर एक अक्षर ऐकलेलं नाही? इतक्या वर्षांचं आमचं ते छान जमणं कुठे जाईल? त्यापेक्षा गाडी गेलेली परवडली. आणखी कशाकशाला हो म्हटलंय, ते विचारायची तर हिंमतच झाली नाही.

धाकटे दीर आले गाडी न्यायला. चारी बाजूंनी फिरले, हात फिरवला, आणि म्हणाले, "वहिनी, एवढं पुढचं काढून घ्या बुवा. तोंडावर वारा नसेल तर क्रूझरची मजा काय?"

काढलं. माझ्याच हातानं काढलं. आता ते दुकानात मशीनशेजारी पडलंय. सासूबाईंना यांच्या स्कूटरवरून नेते, ती बैलगाडीच्या चालीनं चालते, सगळं ऐकू येतं. काल मी टेप घेऊन त्या स्कूटरचा हेडलाइट मोजत होते, ते फेअरिंग तिरकं बसवून थोडा वारा कानात घेता येतो का बघायला, तर हे म्हणाले, "अगं, काय चाललंय?"

म्हटलं, काही नाही. सगळ्या गाड्यांना बसतं म्हणे.