धर्ममाता

दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची खोड थोरल्या काकूंना नव्हती. पण प्रसूती विभागाच्या बाकावर विणत बसलेल्या त्यांना दोघी अनोळखी जावा खेटूनच बसल्या होत्या. कान काय घरी ठेवून यायचे?

"जाऊबाई, त्याच्या पोराची धर्ममाता? तुम्ही? त्याच्या भरधाव गाडीखाली आपला धाकटा गेला!"

"माझ्या पोटचा गेला. मला ठाऊक नाही होय?"

"मग नाही म्हणा! चर्चचे पाळकसाहेब काय बांधून नेतायत?"

"त्यांनी कुठं सांगितलं? मीच त्यांना सांगून आले."

"अगं आई गं!"

"आपण ल्युथरन चर्चवाले जन्मभर घसा फोडून सांगतोय, की देवाची कृपा कमवावी लागत नाही, फुकट मिळते. प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तर तू सगळ्यांच्या पुढे. तेव्हा बरं फुकटचं चालतं?"

"ते देवाचं झालं. आपण माणसं."

"बाप्तिस्म्याला त्या लेकराला हातात घ्यायला सगळ्या मंडळीत एक माणूस तयार नाही. तूसुद्धा नाहीस."

"तुमच्या दुःखाखातरच ना!"

"माझं दुःख माझ्यापाशी राहू दे. त्याच्याआड तुम्ही लपू नका."

"म्हणजे त्याला माफ केलंत?"

"नाही. अजून नाही जमलं."

दार उघडलं. दुपट्यात बाळ घेऊन तरुण बाप बाहेर आला आणि मुलगा गमावलेल्या त्या आईला पाहून जागीच थिजला. काकूंच्या हातातली विणकामाची सुई थांबली. ती आई मात्र उठून पुढे झाली.

"उभा काय राहिलास? आण इकडे. मानेखाली हात घाल आधी. सावकाश. निदान आज तरी सावकाश."