घंटागाडीवाल्या विठ्ठलभाऊचे हात

घंटागाडीच्या भोंग्याले तुम्ही नावं ठेवता, पन माह्या आईचा जीव त्या गाडीवाल्यानंच वाचवला. आई सिंदीले एकटी राह्यते अन् मी नोकरीपायी वर्ध्याले. मागच्या मे महिन्यात एक दिवस सकाळी अकराच्या सुमारास नगरपरिषदेची गाडी गल्लीत आली. भोंगा वाजून राह्यला होता, "उद्या नळाला पाणी येणार नाही. उन्हात फिरू नका." साऱ्या बाया कचरा घेऊन आल्या, आई काही आली नाई. गाडी चालवनारा विठ्ठलभाऊ खाली उतरला.

शेजारीन म्हने, "झोपली असन म्हातारी. जाय तू."

तो म्हने, "एवढ्या भोंग्यात कोन झोपते?"

फाटक उघडून पाह्यतो त आई आंगनात वाळत घातलेल्या कुरडयांजवळ पडलेली, आंग तव्यावानी तापलेलं. त्यानं तिच्या डोक्यावर पानी ओतलं, उचलून गाडीत आपल्या बाजूले बसवलं अन् थेट दवाखान्यात नेलं.

मी पोचलो तवा आईले सलाईन लागलं होतं. विठ्ठलभाऊ तिथंच थांबला होता. मी त्याचे हात धरले.

तो मागं सरकत म्हने, "दादा, हात नका धरू. कचऱ्याचे हायेत, धुवाचे राह्यले."

पलंगावरून आई म्हने, "मले उचललं तवा बी तेच होते. धर तू, घट्ट धर."