कडीतून न गेलेल्या तेवीस गोळ्या

पुरवणी जबाब
दिनांक २१ जानेवारी २०२५, मंगळवार, सकाळी ९ वाजून २० मिनिटे

नाव : संजीवनी बालाजी नरंगले. वय : २४ वर्षे. शिक्षण : बी.एस्सी., रसायनशास्त्र. धंदा : नोकरी, खाजगी नेमबाजी क्लबमध्ये स्टोअर रेकॉर्ड क्लार्क. राहणार : मुऐदर, व्हिलाच्या मागच्या बाजूची खोली. मूळ राहणार : तालुका मुखेड, जिल्हा नांदेड, महाराष्ट्र.

मी कोणी बोलावले नसताना स्वतः हजर राहून लिहून देते की, शनिवार १८ तारखेला याच ठाण्यात माझा जबाब झाला आहे. तो मी हिंदीत सांगितला होता. शब्द आठवण्याच्या निमित्ताने मला मध्येमध्ये थांबता येत होते. आज मी मराठीत लिहीत आहे. दुभाषी तनवीर साहेब औरंगाबादचे आहेत, त्यांना मराठी ऐकून समजते.

क्लबमध्ये सरावासाठी वापरलेल्या पितळी केस, म्हणजे काडतुसांची रिकामी नळकांडी, जपून ठेवतात आणि त्यांत नवी गोळी बसवून काडतूस पुन्हा भरतात. हे काम अब्बास इब्राहिम मुकादम, वय ५९, राहणार मूळ दापोली, हे बावीस वर्षे करतात. आम्ही सर्व त्यांना अब्बासचाचा म्हणतो. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. त्यांच्याजवळ त्यांनी स्वतः लेथवर करून घेतलेली एक पोलादी कडी आहे. भरण्याआधी प्रत्येक गोळी ते त्या कडीतून खाली सोडतात; जाड गोळी तिच्यात अडकते. भरून झाल्यावर प्रत्येक काडतूस पिस्तुलाच्या सुट्या नळीत टाकून पाहतात. बरोबर असेल तर टक् असा आवाज येतो.

मी दीड वर्षापूर्वी आखातात येऊन इथे कामाला लागले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. क्लबमध्ये माझे म्हणणे ऐकले जात असे. मी स्टोअरमध्ये बरण्या आणल्या, रंगीत लेबले लावली, प्रत्येक खेपेसाठी छापील चिठ्ठी सुरू केली. क्लबचे प्रशिक्षक मुदस्सिर मला पाहिले की म्हणत, "आली आमची प्रयोगशाळा. आता नेमसुद्धा लेबल लावून धरायचा." ते रायगडकडचे आहेत. त्यांच्या बोलण्याचा मला राग येत नसे.

५ जानेवारीला मी चाचांना सांगितले की यापुढे सर्व नग तपासायचे नाहीत, दहात एक तपासायचा. नमुना तपासणी मी कॉलेजात शिकले होते. दुसरे कारण असे की थंडीत चाचांच्या बोटांचे सांधे सुजतात. एवढ्या वयाच्या माणसाने सहाशे वेळा तीच कडी का धरावी, असे मला मनापासून वाटत होते.

चाचा म्हणाले, "मग दहातली नऊ कोण बघणार, बाय?"

मी म्हणाले, "त्या नऊंचा हिशोब कागदावर बसतो, चाचा."

ते हसले. "कागद काय नळीत जात नाय."

मीही हसले. चिठ्ठीवर "तपासणी पूर्ण" असा चौकोन छापलेला आहे. त्यात बरोबरची खूण मी काम सुरू होण्याआधीच करून ठेवू लागले. त्याखाली चाचा आपली आद्याक्षरे काढत. तेवढी दोन इंग्रजी अक्षरे मीच त्यांना शिकवली होती.

गुरुवार १६ जानेवारी, सकाळी साधारण १० वाजता. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबची स्पर्धा होती आणि नऊ मिलिमीटर पिस्तुलाची सहाशे काडतुसे हवी होती. बरणीत गोळ्या कमी होत्या. मी नवे खोके उघडून बरणी भरली. ड्रॉवरमध्ये एक अर्धे पाकीट पडलेले होते. त्यावरचा कागद फाटलेला होता, फक्त वजन वाचता येत होते, १२५ ग्रेन. बरणीतल्या गोळ्याही १२५ ग्रेनच्याच. रंग तोच, दिसायला त्याच. मी ते पाकीट त्याच बरणीत ओतले आणि बरणी हलवून सारखी केली. गावी माझी आई फुलाबाई डाळीच्या डब्यात उरलेली पुडी अशीच ओतते. पुडी ओतताना ती आधी दाणा दाताखाली धरून बघते. मी काहीच बघितले नाही.

ते पाकीट पॉइंट अडतीस बोअरच्या रिव्हॉल्व्हरच्या गोळ्यांचे होते. एका जुन्या सभासदाने मागे ठेवलेले. वजन सारखे असले तरी ती गोळी नऊ मिलिमीटरपेक्षा साधारण एका केसाइतकी जाड असते. हे मला आता माहीत आहे. वजनकाट्याला ते कळत नाही.

साधारण ११ वाजता चाचांनी भरता भरता हात थांबवला. एक गोळी दोन बोटांत फिरवली आणि म्हणाले, "बाय, ही येगली लागते. जाडी हाय."

मी ती गोळी काट्यावर ठेवली. १२५. मी म्हणाले, "वजन जुळतंय. तुमची बोटं सुजलीत, चाचा."

चाचांनी आपल्या बोटांकडे पाहिले. मग हात फडक्याला पुसले आणि पुढचे काम केले. कडी त्यांच्या डाव्या हाताजवळ ठेवलेली होती. त्यांनी दहात एक या हिशोबाने साठ नग पाहिले. साठही बरोबर निघाले. मी चिठ्ठी फाइलला लावली.

शुक्रवार १७ जानेवारी, दुपारी ३ वाजून ४० मिनिटे. तिसऱ्या फेरीत मुदस्सिर यांचे पिस्तूल पूर्ण बंद होईना. जाड गोळीमुळे केस फुगते आणि नळीच्या घरात पूर्ण बसत नाही. मी रेंजच्या काचेमागे गुणांचा तक्ता घेऊन उभी होते. त्यांनी "यल्ला, यल्ला", म्हणजे चल, चल, म्हणत पिस्तुलाच्या मागच्या भागावर तळहाताने ठोसा दिला आणि नेम धरला. केस मागच्या बाजूने फुटली. पितळेचे तुकडे त्यांच्या उजव्या हातात गेले. डोळ्यांवर संरक्षक चष्मा होता, म्हणून डोळे वाचले. त्यांच्या पहिल्या बोटाची शीर तुटली असून ते बोट पुन्हा पूर्ण वळणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे मला कळले आहे. ते चाप ओढायचे बोट आहे.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर, पोलीस येण्याच्या आधी, मी स्टोअरमध्ये गेले. बरणीवरचे लेबल पाण्याने भिजवून काढले. उरलेल्या गोळ्या टेबलावर ओतल्या. चाचांची कडी घेतली आणि एक एक गोळी तिच्यातून सोडू लागले. सगळ्या सोडल्या. तेवीस गोळ्या अडकल्या. एवढ्याला मला पंचवीस मिनिटे लागली.

मी वर पाहिले तेव्हा चाचा दारात उभे होते. किती वेळ होते, सांगता येत नाही. ते जवळ आले, माझ्या हातातून कडी घेतली, फडक्याने पुसली आणि खिशात टाकली. एवढेच म्हणाले, "घरी जा, बाय."

तेवीस गोळ्या मी रुमालात बांधून घरी नेल्या.

शनिवारी मी जबाब दिला की काडतुसे अब्बास मुकादम यांनी भरली, बरणीशी माझा संबंध नाही आणि चिठ्ठीप्रमाणे त्यांनी सर्व नग तपासले होते. यातले पहिले खरे आहे. बाकी खोटे आहे. संध्याकाळी कळले की चाचांनीही आपल्या जबाबात बरणी आपणच भरली असे सांगितले आणि त्यांना ठाण्यात ठेवून घेतले आहे. ३० जानेवारीला ते काम सोडून कायमचे दापोलीला घरी जाणार होते. विमानाचे तिकीट काढलेले आहे.

रविवारी मी माझे वडील बालाजी नरंगले यांना फोन केला. ते याच देशात, दुखानला, कंपनीच्या बसवर ड्रायव्हर आहेत. त्यांना सर्व सांगितले.

ते म्हणाले, "त्यांनी सोताहून अंगावर घेतलंय ना, माय? मग तू गप ऱ्हा. ते आता जायलेच हायेत. तुझी तर सुरुवात हाय."

मी म्हणाले, "ते सुटल्याशिवाय कसे जातील, बाबा?"

ते म्हणाले, "शिकून हेच आलं का तुला?" त्यांनी हे रागाने विचारले की कसे, ते मी सांगू शकत नाही. फोन त्यांनी ठेवला. काल संध्याकाळी ते बसची पाळी बदलून मुऐदरला आले. खोलीच्या दाराशी उभे राहून त्यांनी विचारले, "किती वाजता जायचं?" सध्या ते ठाण्याच्या बाहेर गाडीत आहेत. या गोष्टीशी त्यांचा काही संबंध नाही.

बरणी अब्बास मुकादम यांनी भरली नाही. तिच्यावरचे लेबल इंग्रजीत, माझ्या अक्षरात होते. भिजवून काढलेले ते लेबल सोबत जोडले आहे. दहात एक तपासण्याची पद्धत माझी आहे. चिठ्ठीवरची खूण माझी आहे. गोळी जाड आहे, हे त्यांनी मला वेळेत सांगितले होते. तेवीस गोळ्या रुमालासह हजर करीत आहे.

चाचांच्या खिशातून जप्त केलेल्या वस्तूंत पोलादी कडी असेल. ती हत्यार नाही. तपास संपल्यावर ती त्यांना परत मिळावी, अशी विनंती आहे.

हा जबाब मी माझ्या हाताने लिहिला असून तनवीर साहेबांना मोठ्याने वाचून दाखवला. बोटे सुजलीत, या वाक्यापाशी मी थांबले, तेव्हा ते वगळायचे आहे का, असे त्यांनी विचारले. वगळायचे नाही. शनिवारच्या जबाबाखाली मजकूर बरोबर असल्याबद्दल जी सही आहे, ती माझीच आहे. तो मजकूर बरोबर नव्हता. या जबाबातील ओळी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तपासल्या. दहातली एक नाही, सगळ्या.

सही
संजीवनी बालाजी नरंगले