नऊच्या नऊ कोपरं

नाही, पण मला एक सांगा, पळणारा माणूस काढायचा असेल तर त्याला पळू द्याल की साडेतीन तास एका पायावर उभा कराल? मला उभा केला! दुसऱ्या कुणी नाही, सख्ख्या भाचीनं! वर म्हणे, "मामा, हलू नको!"

योगिनी तिचं नाव. नाशकात आर्ट कॉलेजला आहे, छापचित्रं करते. म्हणजे काय, तर लिनोचा एक तुकडा घ्यायचा, चपलेच्या तळव्यासारखा, तो कोरायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा आणि कागद दाबायचा. शेवटच्या वर्षाला विषय काय निवडला बाईंनी? 'आधुनिक छापचित्रातली माणसाची गती'! आणि गती म्हटल्यावर तिला आठवलं कोण? मी, मल्हारी! वय सेहेचाळीस, आठवडाभर नाशिकरोडला टेबलामागे, पण रविवारी सायखेड्याच्या टीमचा ओपनिंग बॉलर, तेवीस वर्षं! टेनिस बॉल असला म्हणून काय झालं, तुम्हाला सांगतो, यॉर्कर म्हणजे यॉर्कर! फुगलो ना मी. फुगणारच की!

गेलो बहिणीच्या गच्चीवर. एक पाय वर, उजवा हात आभाळात. म्हटलं, अगं, बॉल टाकूनच दाखवतो ना... "मामा, हलू नको!" गतीचं चित्र आणि हलायचं नाही! एक हात काढला, मग जरा खाली घे, दुसरा काढला, आणखी खाली, तिसरा... असे एकामागे एक नऊ हात, म्हणजे म्हणे हात फिरल्यासारखा दिसतो. अहो दिसेल, पण खांद्याला कळा लागल्या त्याचं काय? दमला बिचारा हात, वाकला कोपरातून. म्हटलं, योगे, कोपर सरळ काढ हं. "मामा, दिसतं तेच कोरायचं असतं." घ्या! राजा हरिश्चंद्राचा अवतार! आठ दिवस झोपेतसुद्धा ऐकू यायचं, "मामा, हलू नको!"

आणि मग मीच... दुसऱ्या कुणाला बोल लावू? चित्र प्रदर्शनात लागलं, मी त्याचा फोटो काढला आणि टाकला टुर्नामेंटच्या ग्रुपवर. फायनलच्या आदल्या दिवशी! खाली लिहिलं, 'सांगा, हा वाघ कोण?'

सांगितलं ना! समोरच्या टीमच्या, देवळ्याच्या कॅप्टननं, त्या बहिरूनं सांगितलं. फायनलला आला तोच मोबाइल नाचवत. "अण्णा, बघा, नऊ हात हायेत आणि नऊच्या नऊ कोपरं वाकडी! ह्यो बट्टा टाकतो!" बट्टा! म्हणजे मी बॉल टाकत नाही, कोपर वाकवून दगडासारखा फेकतो! तेवीस वर्षांत मला कुणी... जाऊ द्या. कारभारी अण्णा कमिटीचे अध्यक्ष, त्यांनी चष्मा लावून एकेक कोपर मोजलं. म्हटलं, अण्णा, माझे व्हिडिओ आहेत, ते बघा! अण्णा काय म्हणाले असतील? "व्हिडिओ लय हलतोय रं. ह्यात कसं, समदं जागच्या जागी हाय."

योगिनीला फोन लावला, स्पीकरवर. म्हटलं, सांग यांना, मी बट्टा टाकतो का! तर ती, "मामा, क्रिकेटमधलं मला कळत नाही, पण कोपर वाकलेलंच होतं. आणि छाप उलटा पडतो ना, म्हणून चित्रात तो डावा हात दिसतोय." मी उडीच मारली! बघा अण्णा, डावा! मी उजव्या हाताचा बॉलर, हा मी असूच शकत नाही! अण्णांनी सावकाश पान लावलं, तोंडात टाकलं... "मल्हारी, उजवा वाकडा असल्याबिगर डावा वाकडा छापल का रं?"

संपलं. बॉलिंग बंद! अहो, गुडघे आणखी एक सीझन काढतील असं वाटत नाही, हीच शेवटची फायनल धरली होती मी, बायकोला मुद्दाम आणून खुर्चीत बसवलं होतं! रडू आलं हो मला, खोटं कशाला बोलू? आणि कमिटीनं माझी समजूत कशी घातली? अंपायर आला नव्हता, तर पांढरा कोट मलाच चढवला! राहिलो उभा स्टंपांमागे. पहिला बॉल. समोर बॅटिंगला कोण? बहिरू! आमचा पोरगा धावत निघाला, माझ्या नाकावर माशी बसली, मी जरा मान झटकली, तर बहिरू बॅट वर करून अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असा ओरडला, "ओ अंपायर, हलू नका!"

आणि तुम्हाला सांगतो... नाही हललो.