पूर्वजांची बाजू

मला वाटलं होतं, बंगळुरूच्या किल्ल्यात इंग्रजांनी जिथून भिंत फोडली तिथं उभी राहिले की माझ्या अंगात पूर्वज संचारतील. परदेशात सहा वर्षं इतिहास शिकून आले होते ना मी! पुढच्या रविवारी हीच सहल मी स्वतः गाइड म्हणून नेणार होते आणि पूर्वजांच्या पराक्रमावरचं भाषणही तयार होतं. प्रत्यक्षात बाहेर रिक्षांचे भोंगे वाजत होते आणि शेजारी आमचे मोठे काका, म्हणजे अण्णा, जांभया देत होते.

गाइडनं विचारलं, "कुणाचे पूर्वज इथं लढले होते का?"

मी ताठ मानेनं हात वर केला. "आमचे!"

"सुलतानाच्या बाजूनं की इंग्रजांच्या?"

मी अण्णांकडे पाहिलं.

"लढले कुठं गं?" अण्णा म्हणाले. "घोड्यांसाठी कडबा विकला. स्वल्प इकडं, स्वल्प तिकडं."

सगळे हसले. मी कुजबुजले, "अण्णा, हे घरी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस कुठं? आल्यापासून तूच सांगतेयस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाषण फाडलं, कोरी वही घेतली आणि अण्णांच्या कॉफीसमोर जाऊन बसले. "अण्णा, रविवारची सहल कडब्यापासूनच सुरू करायची. सांगा."