मास्तरांचा पासवर्ड

हॅलो?

हां ताई, बोल… नाही, मीटिंग संपली. ऑफिसच्या जिन्यात उभा आहे, बोल.

मापांच्या फाइली अजून उघडत नाहीत? सकाळी मास्तरांनी केला होता मला फोन. म्हटलं त्यांना, सावकाश टाका, अक्षर न् अक्षर बघून… अगं तेच सांगतोय ना, नुसतं ‘पुन्हा टाका’, ‘पुन्हा टाका’ येतंय म्हणजे पासवर्ड चुकतोय. सर्व्हर चालू आहे, त्याला काही झालेलं नाही.

मुलगी येऊन बसलीये? कुठली… उजव्या पायाची? आज तिला नवा पाय लावून चालवून बघणार होतात ना तुम्ही… हो, हो… मापाची फाइल नसेल तर मास्तर पायाचा साचा घासून मापात कसा आणणार, कळतंय मला. अगं ऐक ना. मास्तरांना दे फोन, मी पुन्हा एकदा…

आत येत नाहीत म्हणजे?

पायरीवर बसलेत?

…हो, म्हटलं मी तसं. सहज म्हटलं गं. ‘मास्तर, वय झालं आता, विसरला असाल.’ हसत म्हटलं. तेही हसले की फोनवर.

तुला काय म्हणाले?

…उद्यापासून दुसरा माणूस बघा, असं?

त्यांच्या थोरल्या भावाच्या विसरण्याचं मला कुठे माहीत होतं, ताई… स्वतःच्या बायकोला ओळखेनात? … नाही, तू कधी बोलली नाहीस. तुझ्यावर ढकलत नाही गं. म्हटलं होतं मी, तू नाही.

थांब. लॅपटॉप उघडतो, इथेच बसतो पायरीवर. तू एक कर, तुझ्या नावाने आत जाऊन बघ. कधी जात नाहीस ते माहितीये, तरी बघ. पासवर्ड आठवतोय ना? … हो, कुत्र्याचं नाव. मोठ्याने नको सांगूस, लोक बसलेत तिथे.

टाकलास?

परत विचारतोय?

कॅप्स लॉक बघ… डावीकडचं बटण, त्याचा दिवा लागलाय का? नाही ना. बरं. मोबाइलवरून बघ… तिथेही तेच.

हं.

नाही, काही नाही, वाचतोय. ओपन सोर्सवाला आहे आपला सर्व्हर, फुकटचा, पण कोण आलं, कोणाला परत पाठवलं, का पाठवलं, सगळं टिपून ठेवतो… हे बघ, मास्तर सकाळी… अगं, किती वेळा टाकलाय त्यांनी. खालपर्यंत त्यांचंच नाव आहे.

ताई, इथे ‘पासवर्ड चुकला’ असं म्हटलेलंच नाही. ‘या नावाचं कोणी नाही’ असं म्हणतोय. मास्तरांच्या नावापुढे तेच. आत्ता तुझ्यापुढेही तेच.

एक मिनिट.

…

आहे, आहे, लाइनवरच आहे. कळलं मला.

माझी चूक आहे.

काल तू त्या नव्या डॉक्टरबाईंचं नाव घालायला सांगितलंस ना… नाही, घाई तू नाही केलीस, मीच केली. नवं नाव जोडायची एक ओळ असते. त्यात एक अक्षर जास्तीचं पडलं, की नावांची जुनी फाइल पुसली जाते आणि कोरी तयार होते. अगदी पहिल्यांदा फाइल करताना लागतं ते अक्षर, नंतर नाही. मी जुनीच ओळ उचलली आणि तशीच चिकटवली. आता फाइलमध्ये एकट्या डॉक्टरबाई आहेत. तू, मास्तर, बाकीचे, सगळे उडालात.

नाही, पुसण्याआधी सर्व्हर विचारत वगैरे काही नाही. सांगितलं तेवढं करतो, बिनबोभाट. बघायला मी हवं होतं. डॉक्टरबाईंचं उघडतंय एवढं पाहिलं आणि जेवायला गेलो.

बोल. बोल तू.

…हो. आधी स्वतःचं तपासायला हवं होतं. त्यांचं वय काढायच्या आधी.

होतंय, होतंय. फाइलची परवाची प्रत आहे, ती परत आणतोय… डॉक्टरबाईंना खाली जोडलं, या वेळी बघून… झालं. मास्तरांना बोलव आता. तू काही सांगू नकोस, मला सांगू दे. आणि पासवर्ड त्यांनाच टाकू दे. त्यांना आठवतोय तोच.

…

हॅलो, मास्तर? हो, मीच. एकदा टाकून बघता? … नवा नाही हो. सकाळी टाकत होतात तोच. … टाका ना, माझ्यासाठी एकदा.

उघडलं?

पोरीचं माप दिसतंय ना सगळं? वरपासून खालपर्यंत?

मास्तर, ऐका. तुम्ही सकाळपासून बरोबरच टाकत होतात. दर वेळी. काल माझ्याच हातून तुमचं नाव पुसलं गेलं, आणि वर तुम्हालाच मी…

नाही, समजूत नाही काढत. ताईला विचारा, तिचंही उडालं होतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून खोटं कशाला बोलेन?

परत सांगतो. तुम्ही काही विसरला नव्हतात.

मास्तर?

…हां. घ्या, पाणी घ्या. आहे मी.

असं ‘चालायचंच’ म्हणून सोडून देऊ नका हो. रागवा तरी मला. … बरं. बरं, पोरगी ताटकळलीये, खरंय, साचा आधी.

काय? घरी काकूंना कळवलंत? सकाळीच? काय सांगितलंत त्यांना?

…भावासारखंच आपलंही सुरू झालं, असं?

नाही, आता तुम्ही नका करू त्यांना फोन. तुम्ही सांगितलंत तर त्यांना वाटेल लपवताय. मी करतो. आत्ता, इथूनच. कुणाचं चुकलं, काय चुकलं, मी काय बोललो, सगळं सांगतो. नंबर द्या त्यांचा.

सावकाश, मास्तर… पुढे?… हं… शेवटचे आकडे परत एकदा. तुम्हाला पाठ आहे, मला नाही राहत एका दमात लक्षात.

…हो. मिळाला. जा तुम्ही आत.

ठेवतो.