काट्याची साक्ष

दार्सोनो : पेट्रोल विकणाऱ्याच्याच मुलीला गाडीवर घेऊन गेलास, आणि वर म्हणतोस पेट्रोल संपलं. सांगताना तुझं तुलाच हसू आलं नाही, वास्कितो?

वास्कितो : हसू कुठलं, काका. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण काटा अर्ध्यावर होता हो. अर्धी टाकी आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्तच राहणार ना?

निंग्रुम : मीही पाहिला, बाबा. अर्ध्यावरच होता.

दार्सोनो : तुला विचारलंय कुणी? चहाचा मळा, अंधार, आणि तुम्ही दोघंच. गाडी ढकलत आलात ते तुमिनीकाकूनं पाहिलं, म्हणजे सगळ्या बाजारानं पाहिलं. अरे, पेट्रोल संपल्याची ही थाप माझ्या आजोबांच्या काळापासून चालत आलीय.

निंग्रुम : त्यांच्याकडे तर घोडा होता ना?

दार्सोनो : निंग्रुम, आत जा.

निंग्रुम : नाही जाणार. लग्न माझं आहे.

वास्कितो : काका, रविवारी आईबाबा मागणी घालायला यायचेत. आई चिकट तांदूळ भिजत घालणार आहे, वड्यांसाठी. गूळसुद्धा आणून ठेवलाय.

दार्सोनो : भिजवू नको म्हणावं तिला. जोडपं चिकटून राहावं म्हणून त्या वड्या आणायच्या असतात. जावईच खोटारडा निघाला, तर तांदळानं तरी काय करायचं?

निंग्रुम : मग गाडी उघडून बघा. तो खोटा ठरला तर मीच त्याला नाही म्हणेन.

दार्सोनो : बघतोच. तू हात लावायचा नाहीस, वास्कितो. किल्ली दे आणि तिकडे केळीपाशी उभा राहा.

निंग्रुम : आधी ती सिगारेट विझवा, बाबा. टाकी सीटखालीच आहे.

दार्सोनो : विझवली. हं, टाकी कोरडी ठाक. आणि किल्ली फिरवली की काटा... अर्ध्यावर.

वास्कितो : बघा! म्हणजे, बघा ना, काका.

दार्सोनो : काटा खोटं बोलतोय, कबूल. पण त्याला खोटं बोलायला शिकवलं कुणी? वायर ओढून ठेवायला कितीसा वेळ लागतो?

वास्कितो : मला वायरीतलं काही कळत नाही हो. मी शाळेत चित्रकला शिकवतो.

दार्सोनो : बोलू नकोस, मला नीट बघू दे. हा टाकीकडचा प्लग काढला... काटा शून्यावर पडला. आता ही दोन टोकं एकमेकांना जोडली...

निंग्रुम : वर गेला. पार शेवटपर्यंत.

दार्सोनो : म्हणजे काटा धडधाकट, वायरही धडधाकट. दुखणं टाकीच्या पोटात आहे. स्क्रू ड्रायव्हर दे.

(दार्सोनोनं टाकीवरचं झाकण काढून आतली दांडी बाहेर ओढली, सवयीनं नाकाशी नेली, आणि त्याचा चेहरा असा काही झाला की निंग्रुमला तोंडावर हात धरावा लागला.)

दार्सोनो : हा फ्लोट पेट्रोलवर तरंगायला हवा. पेट्रोल उतरलं की यानं उतरायचं, मग काट्यानं. हा तर मध्येच चिकटून बसलाय. किती दिवसांचा चिकटा आहे हा! आणि वास येतोय कपड्यांच्या कपाटाचा.

निंग्रुम : डांबरगोळ्यांचा.

वास्कितो : मीच टाकत होतो, काका.

दार्सोनो : झुरळं झाली होती टाकीत?

वास्कितो : तुम्ही बजावलं होतंत, दिवेलागणीच्या आत मुलगी घरात पाहिजे. माझी गाडी जुनी, चढ आला की रडते. एकदा जरी उशीर झाला तरी तुम्ही हिला पुन्हा पाठवणार नाही, याचीच धास्ती. गोळ्यांनी गाडी जरा पळते म्हणतात, म्हणून.

दार्सोनो : म्हणतात! कोण गाढव म्हणतो असं?

वास्कितो : जाऊ द्या ना, काका.

निंग्रुम : का जाऊ द्या? बाबा, दुकानात पेट्रोलच्या बाटल्यांच्या फळीवर, खिळ्याला ती पाकिटं कसली टांगलीत? चढावर निघालेली गाडी दिसली की गिऱ्हाइकाला कोण सांगतं, दोन गोळ्या टाक, वाऱ्यासारखी पळेल?

वास्कितो : तुम्ही सांगितलंत म्हणून मी कुणाला दुसरं विचारलंच नाही.

दार्सोनो : तरीच.

निंग्रुम : काय तरीच?

दार्सोनो : माझ्या गाडीचा काटाही वर्षभर हललेला नाही. मी म्हणायचो, काय कमी पिते गाडी! फडकं आण, निंग्रुम, आणि एक बाटली पेट्रोल. तू काय केळीला टेकून उभा आहेस, वास्कितो? इकडे ये, ही दांडी धर. पूस. जोरानं नाही, वाकेल.

वास्कितो : हलतेय, काका. खाली-वर, छान हलतेय.

दार्सोनो : हलणारच. आईला सांग, तांदूळ भिजत घाल. आमच्याकडची माणसं खाणारी आहेत, हात आखडू नको म्हणावं. मी आधी ती पाकिटं काढतो. तुमिनीकाकूचा नवराही घेऊन गेलाय. आता तिला काय सांगू?

निंग्रुम : गेले एकदाचे. वास्कितो, म्हणजे काल खरंच काटाच बिघडला होता?

वास्कितो : आता तूही? डोळ्यांदेखत तर निघालं सगळं.

निंग्रुम : हो रे. मला आपलं वाटलं होतं, तू मुद्दाम थांबवलीस.

वास्कितो : असं वाटत होतं, तरी बाबांपुढे माझी बाजू घेतलीस?

निंग्रुम : काटा मी पाहिला होता, तेवढंच सांगितलं. आणि गाडी ढकलताना मी जोर लावतच नव्हते. घरी पोचायची घाई कुणाला होती?